ऑक्सिजनचं मशीन बिघडलं: दुरुस्ती, नवं, भाड्याचं की सिलिंडर?

आमच्या आईला घरी ऑक्सिजन लागतो. मिनिटाला 2 लिटर, दिवसाचे 16 तास. उभा जन्म चुलीच्या धुरात गेला, त्याचं हे देणं. गेल्या श्रावणात एका सकाळी ती म्हणाली, "झिला, वारो येता, पण पोट भरणा नाय." मशीन चालू होतं, आवाज नेहमीचाच, नळीतून हवाही येत होती. ऑक्सिमीटरवर मात्र 91 चे 84 झाले होते. मशीनवरचा पिवळा दिवा आदल्या रात्रीपासून लागलेला. तो मी पाहिला होता आणि सकाळी बघू म्हणून झोपलो होतो. ती चूक मला अजून बोचते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आम्ही देवगड तालुक्यात राहतो. मशीन बिघडलं की एक वाट घाटावर कोल्हापूरला जाते, दुसरी कणकवलीहून रेल्वेने मुंबईला. पावसात करूळला किंवा भुईबावड्याला दरड आली की पहिली वाट बंद. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाला मिळणारा "कंपनीला फोन करा" हा सल्ला इथे अपुरा पडतो. पुढच्या वर्षभरात मी चारही पर्याय वापरून पाहिले.

आधी माणूस, मग मशीन

दिवा पिवळा किंवा लाल झाला, धाप वाढली, की माणसाला आधी सिलिंडरवर घ्या आणि मग मशीनकडे वळा. सिलिंडर नसेल आणि आकडा खाली जात असेल तर 108 ला फोन करा. ओठ-नखं निळसर दिसणं, गुंगी, असंबद्ध बोलणं ही थांबायची वेळ नाही. मशीनचा प्रवाह 2 चा 5 करून बघण्याचा मोह होतो, तो आवरा. जुनाट दम्यासारख्या सीओपीडीच्या आजारात अनेकांना डॉक्टर 88 ते 92 च्या मध्येच ठेवायला सांगतात. त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस सुस्त होऊ शकतो. बोटाला मेंदी असेल, बोट गार असेल, तरी ऑक्सिमीटर चुकतो. म्हणून बोट चोळून, दुसऱ्या बोटावर पुन्हा बघा.

बिघाड कुठे आहे, हे घरी किती कळतं?

बरंच कळतं. हवेत 21 टक्के ऑक्सिजन आणि 78 टक्के नायट्रोजन असतो. मशीन बाहेरची हवा ओढतं, कॉम्प्रेसर ती दाबतो आणि झिओलाइटचे दाणे भरलेल्या दोन नळकांड्यांतून आळीपाळीने सोडतो. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. एक नळकांडं भरलं की व्हॉल्व्ह फिरतो, दुसरं कामाला लागतं आणि पहिलं नायट्रोजन बाहेर फेकतं. दर काही सेकंदांनी येणारा "फुस्स" आवाज तोच. चांगल्या स्थितीतल्या मशीनमधून 90 ते 96 टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळतो.

पहिली तपासणी नळीची. नाकातल्या नळीला मोड घालून ती चिमटीत घट्ट धरा. फ्लोमीटरची, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या उभ्या नळीतली, गोळी खाली यायला हवी. तिथेच राहिली तर मध्ये कुठेतरी गळती आहे आणि दहातले निम्मे वेळा ती ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणात असते. झाकणाचे आटे वाकडे बसतात. आमच्याकडे एकदा तेवढ्याच कारणासाठी माणूस कोल्हापूरहून यायला निघाला होता.

दुसरी तपासणी फिल्टरची. मागचा स्पंज आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुवायचा आणि पूर्ण वाळवायचा. जुलैत आपल्याकडे काय वाळतं? म्हणून स्पंज दोन ठेवा, एक मशीनला, एक माळ्यावर पंख्याखाली. ओला स्पंज लावला तर मशीन ओलसर हवा ओढतं, आणि झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी जास्त प्यारं. पाणी धरलेले दाणे नायट्रोजन सोडून देतात. कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मशीनं लवकर "कमजोर" होतात, ती मुख्यतः या ओलीमुळे.

तिसरी, आवाजाची. मशीन वीस-पंचवीस मिनिटं चालून आपोआप बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा आतला पंखा अडकलेला असतो किंवा मशीन भिंतीला चिकटवून ठेवलेलं असतं. चारी बाजूंनी वीतभर तरी मोकळी जागा सोडा. नुसतं "हूं" करून सुरूच होत नसेल तर विजेचा दाब तपासा, मग कॅपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग. "फुस्स" एकाच बाजूने येत असेल किंवा ताल चुकला असेल तर व्हॉल्व्ह.

ग्लासातल्या पाण्यात नळी बुडवून बुडबुडे बघतात, त्यावर विसंबू नका. बुडबुड्यांवरून हवा येतेय एवढंच कळतं, त्यात ऑक्सिजन किती ते कळत नाही. आमच्या आईच्या मशीनचे बुडबुडे त्या सकाळीही छान होते. शुद्धता मोजायला ऑक्सिजन अॅनालायझर लागतो. दुरुस्तीवाल्याकडे तो आहे का, हा माझा पहिला प्रश्न असतो. नसेल तर त्याच्या हातात मशीन देत नाही.

मोजतानाही दोनदा मोजा: रुग्णाच्या प्रवाहावर आणि मशीनच्या पूर्ण प्रवाहावर. थकलेलं 5 लिटरचं मशीन 5 वर 75 टक्के दाखवेल आणि 2 वर 90 च्या आसपास. तसं असेल तर ते टाकाऊ नाही, 2 लिटरवाल्यासाठी जोडीला ठेवण्याजोगं आहे.

दुरुस्ती: कोणाकडे, कुठपर्यंत

झाकण, नळी, फिल्टर, फ्यूज, पंखा, कॅपॅसिटर, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरचे घासलेले कप. हे सगळं दुरुस्त होतं आणि करावं. खाऱ्या हवेने बोर्डाच्या जोडांवर हिरवी कीट चढते, पावसाळ्यात मुंग्या ऊब शोधत आत शिरतात. साफसफाईनेच मशीन उठल्याचं मी पाहिलं आहे.

गावातल्या फ्रीज-एसीच्या मेकॅनिककडे द्यावं का? पंखा, कॅपॅसिटर, वायरिंग यासाठी हो, त्याचा हात चांगला असतो. कॉम्प्रेसर उघडायला मात्र नाही. फ्रीजच्या कॉम्प्रेसरला तेल लागतं, याला लागत नाही. एका ओळखीच्या माणसाने आपुलकीने आमच्या मशीनच्या कॉम्प्रेसरमध्ये तेलाचे दोन थेंब सोडायची तयारी केली होती, मी वेळेवर हात धरला. ते तेल दाण्यांवर जातं आणि श्वासातही. शिवाय शुद्ध ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आगीचा धोका.

झिओलाइट बदलण्यावर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. काही ठिकाणी नळकांडी उघडून नवे दाणे भरून देतात, ते स्वस्त पडतं. पण दाणे उघड्या हवेत आले की ओल शोषायला लागतात. पावसाळ्यात, दमट दुकानात भरलेली नळकांडी महिनाभर छान चालतात आणि मग आकडा पुन्हा घसरतो. दाणे सैल भरले तर एकमेकांवर घासून त्यांची पूड होते आणि ती व्हॉल्व्हमध्ये जाते. म्हणून बदलायचीच असतील तर कारखान्यातून सीलबंद आलेली, दोन्ही एकदम. ती त्या मॉडेलसाठी मिळत नसतील तर दुरुस्तीचा विचार सोडा.

मशीन पाठवताना पाण्याची बाटली काढा आणि खोका उभाच राहील असं बांधा. आतला कॉम्प्रेसर स्प्रिंगांवर बसवलेला असतो आणि आडवं पडलेलं मशीन एसटीच्या टपावर घाटातल्या वळणांनी हादरून निघतं.

नवं कधी घ्यावं

मशीनवर तासांचा काटा असतो, तो वाचा. दिवसाला 16 तास म्हणजे वर्षाला 5,840, तीन वर्षांत 17 हजारांच्या वर. एवढं चाललेल्या मशीनचे दाणे आणि कॉम्प्रेसर दोन्ही थकले असतील आणि दुरुस्तीचा अंदाज नव्याच्या निम्म्याच्या पुढे गेला, तर मी नवं घेईन. 5 लिटरचं चांगलं मशीन आज साधारण 35 ते 60 हजारांत येतं.

2 लिटर लागणाऱ्याला 10 लिटरचं घेऊ नका. ते जड, आवाज जास्त, आणि वीज जवळपास दुप्पट खातं. 5 लिटरच्याला साधारण 350 वॉट लागतात. 16 तासांचे दिवसाला 5.6 युनिट, महिन्याला 168 च्या आसपास. पाठीवर घ्यायची छोटी मशीनं मुंबईच्या प्रवासाला सोयीची, पण त्यातली बरीच श्वास ओढला की तेवढ्यापुरताच ऑक्सिजन सोडतात. तिथला "5" म्हणजे 5 लिटर नव्हे. रात्रीच्या झोपेसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावर जाऊ नका.

विकत घेताना शुद्धतेचा इशारा देणारं मशीनच घ्या आणि दुकानदाराला एकच गोष्ट विचारा: बिघडलं तर माणूस कुठून येणार? "मुंबईहून" असं उत्तर आलं तर जून ते सप्टेंबर कोणी येणार नाही असं समजून हिशेब करा. मी त्यासाठी थोडी जास्त किंमत देऊन कोल्हापुरात सुटे भाग मिळणारं मॉडेल घेतलं.

सोबत स्टॅबिलायझर हवाच. इन्व्हर्टर असेल तर शुद्ध साइन वेव्हचा. 150 एएचच्या एका बॅटरीवर 5 लिटरचं मशीन जेमतेम तीन तास जातं, बॅटरी जुनी असेल तर दोन. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. तिथे इन्व्हर्टर काय पुरणार?

जाता जाता बायपॅप आणि सीपॅपबद्दल, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनांबद्दल. कोणी वापरलेलं फिलिप्सचं जुनं मशीन देऊ करत असेल तर आधी नंबर तपासा. जून 2021 मध्ये त्या कंपनीने आवाज कमी करणाऱ्या आतल्या फोमचा भुगा होत असल्याने बरीच मॉडेल्स परत मागवली. उष्ण-दमट हवेत तो फोम लवकर खराब होऊ शकतो, आणि आपली हवा तशीच.

भाड्याचं

दुरुस्तीला दोन-तीन आठवडे लागणार असतील, किंवा दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला ऑक्सिजन महिनाभरच लागणार असेल, तर भाडं योग्य. त्यापुढे नाही. घरात आणताना तासांचा काटा बघा, अॅनालायझर लावून आकडा दाखवायला सांगा, नळी आणि बाटली आपली नवी घ्या.

सिलिंडर: पर्याय नव्हे, आधार

छोट्या बी सिलिंडरमध्ये साधारण 1,500 लिटर वायू असतो. 2 लिटरने साडेबारा तास, म्हणजे आईचा एक दिवसही निघत नाही. मोठ्या जंबोत 7,000 लिटर, 58 तास, तिच्या हिशेबाने साडेतीन दिवस. तो उचलायला दोन माणसं लागतात आणि भरून आणायला गाडी. रोजच्या वापराला हे परवडत नाही, दमणूकही होते. पण मशीन दुरुस्तीला गेलं असताना, वीज गेली असताना, घाट बंद असताना हाच एक आधार असतो. आमच्या घरी आता एक जंबो आणि एक बी कायम भरलेले असतात, भिंतीला साखळीने बांधून. व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावायचं नाही. काटा दर रविवारी बघतो.

गणपतीत मात्र फार जपावं लागतं. आईचं मन माजघरात, मखराजवळ. समई, निरांजन, धूप, सगळं तिथेच, आणि नाकात ऑक्सिजनची नळी. यंदा तिची खुर्ची ओटीवर दारात ठेवली, समईपासून लांब, आणि आरती तिथून दिसेल अशी. नाक कोरडं पडतं म्हणून ती खोबरेल लावायची, तेही बंद करून डॉक्टरांनी सांगितलेलं पाण्याचं जेल आणलं.

माळ्यावरची मशीनं

2021 च्या करोनाच्या लाटेत मंडळांनी, मुंबईकर चाकरमान्यांनी गावोगाव मशीनं पाठवली. आज ती शाळेच्या खोलीत, ग्रामपंचायतीच्या कपाटात प्लास्टिकखाली आहेत. अडीअडचणीला आहेत म्हणून लोक निर्धास्त असतात. पण बंद पडून राहिलेल्या मशीनच्या दाण्यांत ओल मुरत जाते. चार पावसाळे न चाललेलं मशीन सुरू होईल, आवाज करेल, बुडबुडे काढेल, पण पुरेसा ऑक्सिजन देईलच असं नाही. शेजारच्या वाडीतलं असं एक आम्ही अॅनालायझर लावून बघितलं: 5 लिटरला 48 टक्के, 2 लिटरला 61. त्यावर आता मार्करने "रुग्णाला लावू नये" असं लिहिलं आहे. दुसरं 2 लिटरला 92 निघालं. ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काही तास चालवायचं ठरलंय, आणि त्याच्या खोक्यावर तारीख, तास आणि टक्के लिहायला एक कागद चिकटवलाय.