आठ महिने दोन्ही वापरून: पाकिटातली आयसिंग शुगर की घरची पिठीसाखर?

दिवाळीच्या तोंडावर आयसिंग शुगरचं किलोचं पाकीट आणलं, मिक्सरचा खडखडाट वाचेल म्हणून. आज तिसरं पाकीट अर्ध्यावर आलंय आणि मिक्सर पुन्हा खडखडतोय.

पहिला दणका बेसनाच्या लाडवांनी दिला. बेसन खमंग भाजलं, कोमट होऊ दिलं (गरमात साखर घातली की लाडू बसतात, हे पूर्वी भोगून झालंय), साखर चाळून घातली. लाडू वळले सुरेख, पण खाताना टाळूला पिठूळ काहीतरी चिकटायचं. नवरा म्हणाला, बेसन कच्चं राहिलंय. माझं बेसन, आणि कच्चं? पाकीट उलटून वाचलं तर साखरेच्या जोडीला कॉर्नफ्लोअर. गुठळ्या होऊ नयेत म्हणून साधारण ३ ते ५ टक्के घालतात. लाडवात साखर घातल्यावर पुढे शिजवणं नाहीच, त्यामुळे ते कच्चंच राहतं.

महाशिवरात्रीला राजगिऱ्याच्या लाडवांसाठी तेच पाकीट काढलं, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, यात मक्याचं पीठ ना? उपासाला कसं चालेल?" हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

क्रीमच्या बाबतीत मात्र पाकिटाला तोड नाही. लेकीच्या केकसाठी घरच्या साखरेचं बटरक्रीम केलं होतं, दोनदा चाळूनही दाताखाली कचकच. पाकिटातल्या साखरेचं मऊसूत झालं. फेटलेलं क्रीमही तिने जास्त वेळ धरून राहतं, पाणी सुटत नाही. नानकटाईला दोन्ही चालतात. तिथे कॉर्नफ्लोअर भाजलं जातं, उलट खुसखुशीतपणाच येतो.

केकमध्ये माझीच चूक झाली. दाणेदार साखरेच्या जागी पिठीसाखर वाटीला वाटी घातली आणि केक अगदीच अगोड लागला. वाटीभर साखर दळली की पावणेदोन वाट्यांच्या आसपास भरते. वजन तेवढंच राहतं, फुगते ती नुसती. तेव्हापासून काट्यावर मोजते.

घरी दळताना चटणीचं छोटं भांडं घेते, पण पूर्ण कोरडं. साखरेबरोबर तीन-चार वेलच्या टाकल्या की त्याही बारीक होतात. मिक्सर थांबून थांबून फिरवायचा. एकदम चालू ठेवला तर भांडं तापतं आणि साखर तळाला थापली जाते. झाकण लगेच उघडू नका. मी उघडलं होतं, चष्म्यासकट पांढरी झाले.

पावसाळ्यात पाकिटाला नुसता चिमटा लावून भागत नाही. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यात दगड झाला, कॉर्नफ्लोअर असूनही. स्टीलच्या घट्ट डब्यात ओतलेली नीट राहिली. घरची तर त्याहून लवकर ओल धरते, म्हणून लागेल तेवढीच दळते.

आता लाडू-करंजीला मिक्सर, क्रीमला पाकीट. आणि पुढच्या वेळी अर्ध्या किलोचंच आणणार.