बालशिक्षण केंद्राचा ओपन डे की चालू दिवसातील भेट?

मुलासाठी बालशिक्षण केंद्र निवडताना ते आतून पाहण्याचे साधारणपणे दोन मार्ग पालकांपुढे असतात. एक म्हणजे केंद्राने सर्वांसाठी जाहीर केलेला ओपन डे आणि दुसरा म्हणजे आधी वेळ ठरवून कामकाजाच्या दिवशी दिलेली भेट. केंद्रचालकांनाही आपली दारे कोणत्या प्रकारे उघडावीत हे ठरवावेच लागते. या दोन मार्गांनी एकाच केंद्राची बरीच वेगळी माहिती हाती येते, आणि ती कोणती हे आधी ओळखले नाही तर पालकांची आणि केंद्राची, दोघांचीही सकाळ वाया जाते.

ओपन डे बहुधा सुट्टीच्या दिवशी असतो. त्यामुळे नोकरी करणाऱ्या आई-वडिलांना एकत्र येता येते आणि थोड्या दिवसांत तीन-चार केंद्रे पाहून होतात. वर्गखोल्या, मैदान, प्रवेशद्वाराची सुरक्षा, शुल्क, प्रतीक्षा यादी, आजारी मुलाला घरी पाठवण्याचे नियम, ही सगळी माहिती इथे निवांत मिळते. आपल्याला न सुचलेले प्रश्न इतर पालक विचारतात, हा तर ओपन डेचा सर्वात मोठा फायदा म्हणावा लागेल. शिक्षिका स्वतः उत्तरे देतात, की प्रत्येक वेळी संचालकांकडे पाहतात, हेही लक्षात ठेवण्याजोगे असते. भिंतीवर लावलेली कामे मात्र जरा जवळून पाहावीत. वीस मुलांची वीस फुलपाखरे एकाच मापाची आणि एकाच जागी चिकटवलेली असतील, तर त्यांतून कात्री मोठ्यांनी चालवली एवढेच कळते. उलट वेडीवाकडी, अर्धवट राहिलेली आणि शेजारी मुलाचेच शब्द लिहून ठेवलेली चित्रे बरेच काही सांगून जातात.

ओपन डेला जे दिसत नाही ते मात्र निर्णयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. त्या दिवशी मुले एकतर नसतात, किंवा आपापल्या पालकांचा हात धरून आलेली असतात. म्हणजे अनोळखी खोलीत आई-वडिलांशिवाय राहिलेल्या मुलाला तिथली माणसे कशी सांभाळतात, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड या संशोधकांनी तयार केलेली, १९८० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ईसीईआरएस ही केंद्रांची गुणवत्ता मोजण्याची श्रेणी वापरणारे निरीक्षक तिच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार एकाच वर्गात सलग तीन तास बसतात. पालकांना एवढा वेळ मिळणार नाही, पण चालू वर्गात अर्धा-पाऊण तास शांतपणे बसले तरी पुष्कळ समजते. त्यातही एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाण्याची वेळ निवडावी, म्हणजे खेळ आवरून हात धुण्याची किंवा मैदानातून आत येण्याची. नियोजन कच्चे असेल तर मुले तेव्हा रांगेत नुसती ताटकळतात आणि मोठ्यांचा आवाज चढतो. रडणाऱ्या मुलाजवळ शिक्षिका गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येते, की उभ्यानेच ‘झालं, झालं’ म्हणत पुढे जाते, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.

बाळ एक वर्षाच्या आतले असेल तर माझ्या मते चालू दिवसाच्या भेटीला पर्याय नाही. झोपण्याच्या खोलीत प्रत्येक बाळ उताणे, घट्ट गादीवर आणि उशी, सैल पांघरूण किंवा मऊ खेळणी जवळ नसताना झोपवले आहे का, हे रिकाम्या पाळण्याकडे पाहून कळत नाही. डायपर बदलण्याची जागा अन्नाच्या जागेपासून वेगळी आहे का आणि प्रत्येक वेळी हात धुतले जातात का, हेही प्रत्यक्षच पाहावे लागते. अमेरिकेतील एनएईवायसी ही बालशिक्षण क्षेत्रातील संस्था तान्ह्या बाळांसाठी चार बाळांमागे किमान एक प्रौढ व्यक्ती असे प्रमाण सुचवते. माहितीपत्रकात प्रमाण बहुतेक सगळ्यांचेच चांगले असते. दिवस संपताना गट एकत्र केले जातात तेव्हा ते किती उरते, हे खरे विचारायचे.

या भेटीलाही मर्यादा आहेत. एखाद्या दिवशी नेहमीची शिक्षिका रजेवर असते, एखादा वर्ग नुकताच आजारपणातून उठलेला असतो, आणि पाहुणा आला की वर्ग थोडा बदलतोच. साधारण आठ महिन्यांच्या पुढची बाळे अनोळखी माणसाला पाहून बिचकतात, म्हणून कोपऱ्यात खाली बसावे, मोबाईल खिशात ठेवावा आणि फोटो काढू नयेत. सुरक्षेसाठी काही केंद्रे पालकांना वर्गात बसू देत नाहीत आणि काचेतून पाहायला सांगतात. हे समजण्यासारखे आहे. कामाच्या वेळेत काहीच पाहू न देणाऱ्या केंद्राबाबत मात्र मी तरी पुढे विचार करणार नाही.

केंद्रचालकांच्या बाजूने पाहिले तर ओपन डे एका दिवसात अनेक कुटुंबांना सामावून घेतो, पण त्यासाठी कर्मचाऱ्यांची सुट्टी खर्ची पडते आणि ती भरून द्यावी लागते. एकेका कुटुंबाच्या भेटींत संचालकांचे तास जातात. नव्याने सुरू होणाऱ्या केंद्रापुढे ओपन डेशिवाय मार्ग नाही, कारण दाखवायला मुलेच नसतात. चालू केंद्राने मात्र कामाच्या दिवशी चार-पाच कुटुंबांचे छोटे गट सकाळच्या मध्यावर बोलवावेत. दोन्ही पद्धतींतले चांगले बरेचसे त्यात साधते. प्रकार कोणताही असो, पाहुण्यांची नोंद दारातच व्हावी, कोणताही पाहुणा मुलांसोबत एकटा राहू नये, आणि ॲलर्जीच्या याद्या किंवा मुलांच्या नावांचे तक्ते भिंतीवर उघडे नसावेत.

वेळ असेल तर पालकांनी ओपन डेला यादी दोन केंद्रांवर आणावी आणि त्या दोन ठिकाणी कामाच्या दिवशी पुन्हा जावे. एकदाच जाणे शक्य असेल, तर ओपन डे सोडून मुले घरी जाण्याआधीच्या शेवटच्या तासाची वेळ मागावी. शुल्क आणि नियम फोनवरही कळतात.