मियाटाचा ‘रेसिंग’ रेडिएटर: एका सीझननंतर

डब्यावर ‘रेसिंग’, पावतीवर ‘रेसिंग’, जाहिरातीत ट्रॅकवर भन्नाट सुटलेली लाल मियाटा, म्हणजे मझदाची छोटी दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी. आणि वॉरंटीच्या कागदावर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत: ट्रॅकवर वापरल्यास वॉरंटी लागू नाही. हे ज्याने लिहिलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. मग काय हा रेडिएटर लावून कॉस्टकोला भाजी आणायला जायचं होतं?

गाडी १९९९ची, १.८ लिटर, टर्बो वगैरे काही नाही. ट्रॅक बहुतेक वेळा थंडरहिल, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो खोऱ्याच्या उत्तर भागात. जुलैत तिथे दुपारी चाळीस अंश म्हणजे नवल नाही. मूळचा प्लास्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर काळ्याचा हिरवट-तपकिरी झाला होता. ज्यांच्याकडे जुनी मियाटा आहे त्यांना हा रंग माहीत असेल. तो दिसला की टाकी तडकायची वाट बघत बसू नये. म्हणून अडीचशे डॉलर खर्चून नळ्यांच्या दोन रांगांचा अॅल्युमिनियमचा घेतला. बसवायला सोपा, फिटिंग बरोबर, पंख्यांची भोकं जुळली. तिथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार आहे ती ड्रेन प्लगची.

खालच्या टाकीला पाणी काढायचा प्लग एका वेल्ड केलेल्या बुशात बसतो. हा बुश अशा ठिकाणी की प्लग काढला की पाणी थेट अंडरट्रेवर (गाडीच्या पोटाखालचं झाकण), तिथून चासीच्या आडव्या दांडीवर, तिथून आपल्या बाहीत. नरसाळं लावायला जागा नाही. सरळ पाना बसत नाही, तिरका धरून अर्धा अर्धा आटा फिरवायचा. सोबत आलेला वायसर अॅल्युमिनियमचा, एकदा दाबला गेला की संपला, आणि सुटा तो विकतच नाहीत. अडीचशे डॉलरच्या वस्तूत पन्नास सेंटचा वायसर जास्तीचा टाकायला काय जात होतं?

पण हेही चालवून घेतलं असतं. सीझनच्या मध्यावर तो बुशच वेल्डपाशी केसाएवढा तडकला. गळती दिसेना, कारण ट्रॅकसाठी मी अँटिफ्रीझ काढून डिस्टिल्ड वॉटर आणि वेटिंग एजंट (पाणी धातूला नीट भिडावं म्हणून घालायचं रसायन) भरतो. अँटिफ्रीझमधलं ग्लायकॉल डांबरावर सांडलं की निसरडं होतं आणि लवकर जात नाही, म्हणून बऱ्याच रेसिंग क्लबांत त्याला बंदीच असते. शिवाय पाणी-अँटिफ्रीझच्या ५०-५० मिश्रणापेक्षा साधं पाणी दहा-पंधरा टक्के जास्त उष्णता वाहून नेतं. (हिवाळ्यात टाहोच्या बर्फाळ डोंगरांकडे जाणार असाल तर आठवणीने परत अँटिफ्रीझ भरा, नाहीतर ब्लॉक फुटेल.) तर थेंब पडायचा, गरम धातूवर लगेच वाळायचा, आणि मागे उरायचं ते वेटिंग एजंटचं फिकट गुलाबी वर्तुळ, नाण्याएवढं. मी ते बघून आधी पुसून टाकलं होतं. खरा सुगावा लागला तो वरच्या होजपाइपमुळे. इंजिन तापलेलं असताना हातमोजा घालून पाइप दाबला तर तो टणक लागायला हवा. माझा लिबलिबीत.

एवढ्याशा थेंबाचं काय घेऊन बसलात, असं कंपनीचा ईमेलवाला मला जवळपास त्याच शब्दांत म्हणाला. थेंबाचं नाही हो, दाबाचं घेऊन बसलोय. रेडिएटरचं ०.९ बारचं झाकण नीट दाब धरून असेल तर साधं पाणी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. दाब गेला की तेच पाणी शंभरला उकळायला लागतं. ट्रॅकवर माझी गाडी शंभरच्या वर जायचीच. सिलिंडर हेडमध्ये वाफेचे खिसे झाले की तिथल्या धातूला पाणी लागतच नाही. मग अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट उडतं, आणि पन्नास सेंटचा विषय दोन हजार डॉलरवर जातो.

वॉरंटीवाल्यांनी फोटो मागितले, दिले. पावती मागितली, दिली. मग विचारलं, गाडी ट्रॅकवर नेली होती का? खोटं बोलणं जमलं नाही. उत्तर आलं: सदिच्छा म्हणून नवीन रेडिएटरवर पंधरा टक्के सूट. म्हणजे ह्यांच्याच वेल्डिंगसाठी मी पुन्हा दोनशे द्यायचे! सॅन होजेत एका छोट्या वेल्डिंगच्या दुकानात नेला. तिथल्या म्हाताऱ्याने वेल्डकडे एक नजर टाकून मान हलवली, वेल्डचा जुना मणी घासून काढला, टिग वेल्डिंगने नवा मारला, आणि साठ डॉलर रोख घेतले. तो वेल्ड बाकीच्या रेडिएटरपेक्षा देखणा आहे. वायसर तांब्याचा टाकला. त्यानंतर टिपूस नाही.

आता इतका वेळ शिव्या घातल्या, तर रेडिएटर भंगार समजायचा का? तेही नाही. आणि गंमत म्हणजे, जितका चांगला मी पहिल्या महिन्यात समजत होतो तितका तो चांगलाही नाही.

डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा विसरा. माझ्या गाडीत तो काटा इंजिन एकदा गरम झालं की मध्यावर जाऊन बसतो आणि मग बराच वर पारा चढेपर्यंत हलत नाही, मुद्दाम तसाच केलेला आहे. तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो. गाडीच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं सॉकेट) वीस डॉलरचा ब्लूटूथ डोंगल लावा आणि फोनवर आकडा बघा. जुन्या रेडिएटरवर कडक दुपारी ११० दिसायचे. नव्यावर १०६. अडीचशे डॉलरमध्ये चार अंश. आमच्या सौंनी भागाकार करून दाखवला, मी ऐकू न आल्यासारखं केलं.

खरा फरक पडला स्वस्तातल्या कामाने. बंपरच्या तोंडातून शिरलेली हवा रेडिएटरमधून जायचे कष्ट कशाला घेईल? बाजूला, वर, खाली जिथे फट असेल तिथून ती निसटते. निवडणूक झाल्यावर लोकांच्या अंगणात त्या नालीदार प्लास्टिकच्या प्रचाराच्या पाट्या पडून असतात. शेजाऱ्यांना विचारून दोन आणल्या (दोन्ही पक्षांच्या, उगाच वाद नको), कापून तोंडापासून रेडिएटरच्या कडांपर्यंत दोन्ही बाजूंना भिंती केल्या, फटींत बंद पेशींचा फोम कोंबला, वरून अॅल्युमिनियमची चिकटपट्टी. कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरमधल्या फटीतही फोम हवाच, तिथूनच सगळ्यात जास्त हवा पळत होती. शिवाय आधीच्या मालकाच्या काळात ऑइल बदलताना कोणीतरी अंडरट्रे फेकून दिला होता, भंगारवाल्याकडून दुसरा आणून लावला. तो चिखल अडवायला असतो असा समज आहे, पण त्याचं मोठं काम म्हणजे रेडिएटरमागे दाब कमी ठेवणं. मागची हवा निघाली नाही तर पुढची शिरणार कुठून?

तशाच कडक दुपारी आकडा ९८. एकूण खर्च रेडिएटरच्या निम्मासुद्धा नाही. पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून गेलं की अजूनही तीन-चार अंश चढतात, थोडं बाजूला सरकून स्वच्छ हवा घेतली की उतरतात. थंड, म्हणजे कमी तापमानाला उघडणारा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) टाका असं सांगणारे भेटतील. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर तो कितीचा होता याने काही फरक पडत नाही. तो किमान तापमान ठरवतो, कमाल नाही.

राहिला रीरूटचा, म्हणजे इंजिनातल्या पाण्याचा मार्ग बदलण्याचा, प्रश्न. हे इंजिन मुळात मझदा ३२३मधलं, आडवं बसणारं. पाणी एका टोकाला आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. मियाटात ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवताना मागचं टोक फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) भिडलं, म्हणून थर्मोस्टॅट पुढे आणला. आता पाणी पुढूनच आत, पुढूनच बाहेर, आणि मागून निघते ती फक्त हीटरकडे जाणारी नळी. सगळ्यात मागचा, चौथा सिलिंडर तापतो तो यामुळे. थर्मोस्टॅट परत मागे नेण्याचे किट चांगले आहेत, टर्बोवाल्यांनी घ्यावेतच. माझ्या १४० हॉर्सपॉवरला ९८ अंशांवर त्याची गरज दिसत नाही.

रेडिएटरला पाचपैकी तीन. ट्रॅकवर गाडी नेणार नसाल तर त्याची गरज नाही, नेणार असाल तर वॉरंटी नाही. हे धरून किंमत ठरवा. ऑइल कूलर कुठला घेऊ असं विचारणाऱ्यांना: तेलाचं तापमान मोजणारा सेन्सर आधी लावणार आहे. आकडा दिसेपर्यंत एक डॉलर सुटणार नाही.