फुले संगम: औशाच्या रानात काही खरीप पेरल्यानंतर

दसरा जवळ आला की दरवर्षी तेच. शेजाऱ्यांचं एमएयूएस १५८ वाणाचं सोयाबीन वाळून खडखडायला लागतं, काढणीची टोळी येते, पेरलेल्या बियाण्याच्या बॅगेमागे मजुरीचा भाव ठरतो, रान मोकळं होतं. आमचं केडीएस ७२६, म्हणजे फुले संगम, तेव्हा हिरवंगार उभं. टोळी आमच्यासाठी थांबत नाही. परत बोलावली तर भाव वाढवून मागते, आणि हरभऱ्याची पेरणी लांबते ती वेगळीच. कागदावर १५८ चे दिवस ९३ ते ९८, संगमचे १०० ते १०५. फरक आठवड्याचा, पण काळ्या रानात ओल टिकली की संगम आणखी लांबतं.

वाण घेतलं वाळव्याच्या दाजींचं पीक बघून. ते त्यांच्याच सांगली जिल्ह्यातलं, राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्रात तयार झालेलं. तिकडे तांबेऱ्याचा, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाचा, त्रास मोठा; जेएस ३३५ हे जुनं वाण त्याला लगेच बळी पडायचं. संगम तांबेरा सहन करतं, टोकण केली, म्हणजे हातानं अंतरावर बी लावलं, की फांद्या धरतं, आणि शेंगा भरताना पाऊस हुकला तर दाजींकडे विहिरीचं पाणी आहे. तिथे उतारा येणारच. आमच्याकडे तांबेरा तेवढा नाही. मग जास्तीचे दिवस तेवढे आमच्या वाट्याला येतात. दुकानदारानं बॅग देताना रान कसलं आहे एवढं तरी विचारायला हवं होतं. त्यानं सांगलीचे फोटो दाखवले. याचा मला आजही राग आहे, कारण मुरमाड रानवाल्याकडूनही बॅगेचे पैसे तेवढेच घेतात.

माळावरच्या तुकड्यात तर संगम पेरूच नये. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. त्या साली माळावर फुलं गळाली, शेंड्याकडच्या शेंगा पापडीच राहिल्या. दाबून बघितलं तर दाणा बोटाला लागेना. बांधापलीकडच्या १५८ नंही मार खाल्ला, पण त्याच्या शेंगा बऱ्यापैकी भरल्या.

यंदा मात्र माझं मत निम्मं बदललं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं जे केलं ते सगळ्यांनी बघितलंय. ज्यांचं १५८ काढणीला आलं होतं, त्यांच्या उभ्या शेंगांना कोंब फुटले. आमच्या नाल्याकडच्या संगममधला चिबड कोपरा पाण्यात गेला, पण बाकीचं हिरवं होतं म्हणून वाचलं. उघडीप मिळाल्यावर पिवळं पडलं, पानं गळाली, आणि दाणा स्वच्छ निघाला. ज्या दिवसांवरून मी एवढा चिडतो, त्याच दिवसांनी पीक हाती दिलं. टोळीचा वाढीव भाव देऊनही परवडलं.

आता नाल्याकडच्या भारी रानात संगम आणि माळावर १५८, असं ठरवून टाकलंय. एकच वाण सगळ्या शेतात पेरायचं नाही. हरभरा ज्या तुकड्यात वेळेवर हवा तिथेही संगम नको.

नवी बॅग मात्र घेणार नाही. सोयाबीन स्वपरागी पीक, घरचं बी चालतं. पण यंदाचं बी पावसातून आलेलं, म्हणून मे महिन्यात ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवण बघणार. ७० च्या वर आली तर पेरायचं, थोडी कमी आली तर बियाणं वाढवायचं, फारच कमी आली तर मोंढ्यात विकायचं. तोवर पोती एकावर एक रचू नका आणि उतरवताना आपटू नका, सोयाबीनचं साल फार पातळ असतं.