भर उन्हातल्या दोन मुंग्या

कॅटॅग्लिफिस या मुंग्यांच्या गटाचा पसारा उत्तर आफ्रिका, दक्षिण युरोप ते मध्य आशिया. मेलोफोरस हा गट फक्त ऑस्ट्रेलियात. दोघींची बिळं जमिनीत, आणि दोघी बाहेर पडतात ऐन तळपत्या उन्हात, बाकीचे किडे सावलीला पळाल्यावर. उन्हाने मेलेले किडे दोघींनाही चालतात. मेलोफोरसमधली बागोटी ही जात बियाही वेचते.

खरी गंमत घरी परतण्यात आहे. सहाराच्या खारट सपाटीवर खुणेला काडीही नसते. तिथली कॅटॅग्लिफिस आकाशातल्या प्रकाशावरून दिशा धरते आणि चक्क पावलं मोजते! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खाण्यापाशी पोचलेल्या मुंग्यांचे पाय डुकराचे केस चिकटवून लांबवले, तर परतताना तेवढीच पावलं टाकत त्या बीळ ओलांडून पुढेच गेल्या. बागोटीभोवती गवताचे झुबके असतात. ते ओळखत ती परतते, आणि प्रत्येकीची वाट आपापली, ठरलेली.