शिरोलीची वाळू, जुलैचा पाऊस आणि लॅपटॉपची सॅक : वर्षभर वापरल्यानंतर

सॅक घेऊन वर्ष होत आलं. मधे एक अख्खा पावसाळा गेला, दुसरा तोंडावर आलाय आणि ओळखीतले दोघंतिघं ‘कुठली घेऊ’ म्हणून विचारताहेत. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. नवी सॅक पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच आवडते. चेन गुळगुळीत, फोम टणक, कापड कोरं. तिचा खरा कस आमच्याकडं कोल्हापुरात जुलैत लागतो.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. मॉडेलं दरवर्षी बदलतात. मी आज नाव सांगेन आणि तुम्ही जाल तेव्हा ती मिळायची नाही. शिवाय पुढं थोडी तक्रारही आहे. किंमत दोन हजारांच्या थोडी वर, रिकामी सॅक साधारण ९०० ग्रॅम, मावते २५ लिटरच्या आसपास.

माझा वापर कसा ते आधी सांगतो, कारण तुमचा तसा नसेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. मी कारखान्यांचं हिशेबाचं आणि स्टोअरचं सॉफ्टवेअर बघतो. राहायला राजारामपुरीत, फिरणं शिरोली, गोकुळ शिरगाव, कधीमधी कागल. सगळं स्कूटरवर. लॅपटॉप १४ इंची, सोबत चार्जर, माऊस, एक वही, बिलांची फाईल, पाण्याची बाटली. डबा वेगळ्या पिशवीत, हुकाला. आमटी आणि लॅपटॉप एका छताखाली नांदवायचे नाहीत, हा आमच्या घरचा नियम आहे.

घेताना पर्याय बरेच होते. एका खांद्यावरची ऑफिस बॅग दिसायला सभ्य, पण स्कूटरवर प्रत्येक वळणाला ती पोटाकडं सरकते आणि ब्रेक मारला की गुडघ्यावर येते. चामड्याची घे, असं आमच्या मामांचं म्हणणं. कोल्हापुरात राहून रेक्झिन काय वापरायचं, असा त्यांचा सूर. मामांना म्हटलं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं उन्हाळ्यात राजासारखं असतं, पण जून लागला की तुम्हीसुद्धा चपला कागदात गुंडाळून माळ्यावर टाकता ना? ओल धरली की पांढरी बुरशी आलीच. चपलेवरची पुसता येते. बॅगेच्या अस्तरात शिरली तर वास महिनोन्महिने जात नाही. मग सॅकच.

आता मुद्द्याचं. वर्षभरात एक गोष्ट पक्की कळली : सॅक वरून नाही, खालून बघायची. दुकानदार वरचे कप्पे उघडून दाखवतो. पेनाचा कप्पा, चष्म्याचा कप्पा, चोरकप्पा. लॅपटॉपचं मरण असतं तळाशी. स्वस्त सॅकमध्ये लॅपटॉपचा कप्पा थेट खालच्या शिलाईपर्यंत येतो. तुम्ही सॅक फरशीवर टेकवली की लॅपटॉपचा कोपरा फरशीवर आपटला, मधे कापडाचा एक पदर तेवढा. स्कूटरवर सीटला टेकवून चाललात तर प्रत्येक गतिरोधक त्या कोपऱ्याला बसतो. चांगल्या सॅकमध्ये तो कप्पा तळापासून दोनतीन सेंटीमीटर वर संपतो. लॅपटॉप झोळीत बसल्यासारखा अधांतरी राहतो आणि खाली फोमची पट्टी असते.

हे तपासायला काही लागत नाही. आपला लॅपटॉप दुकानात न्यायचा, कप्प्यात सोडायचा, सॅक उचलून धरायची आणि खालून तळहातानं दाबायचं. लॅपटॉपची कड हाताला लागली तर ती सॅक ठेवून द्यायची, मग वर कितीही कप्पे असोत. मी राजारामपुरीत आणि महाद्वार रोडला असं दाबत फिरलो तेव्हा एक दुकानदार वैतागून म्हणाला, ‘सॅक घेताय का टरबूज?’ पण या एका चाचणीत निम्म्याहून जास्त बाद झाल्या. जी घेतली तिचा कप्पा तळापासून चांगला वर आहे. आज वर्षानं कप्प्याचा फोम किंचित दबलाय, पण हाताला कड अजून लागत नाही.

पावसाचं सांगतो, कारण तिथं माझा सगळ्यात जास्त अंदाज चुकवला तो रेनकव्हरनं. सॅकसोबत कव्हर आलं होतं, तळाच्या खिशात घडी करून. रेनकोटवर सॅक, सॅकवर कव्हर, असा मी निघायचो. कव्हर पुढून छान झाकतं. पण पाठीकडची बाजू उघडीच असते. ती तशीच असणार, पट्टे तिथूनच येतात. हेल्मेटवरून आणि कॉलरवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्या मधून खाली उतरतं. खाली कव्हरची इलास्टिकची कड त्याची वाटच बघत असते. एकदा तावडे हॉटेलपासून शिरोलीपर्यंत धो धो लागला. कारखान्याच्या गेटवर शेडखाली कव्हर काढलं तर त्याच्या खोळीत चहाच्या दोन कपांइतकं पाणी साठलेलं आणि सॅकचा तळ त्यात बुडालेला. तळाचं कापड ओलं, आतली वही खालून फुगलेली. लॅपटॉप कोरडा, तो फक्त कप्पा वर होता म्हणून.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. कव्हरच्या सगळ्यात खालच्या जागी एक आयलेट, म्हणजे धातूची कडी बसवलेलं भोक, मारून घेतलं, पाणी निघून जायला. काही कंपन्यांच्या कव्हरला ते आधीच असतं; घेताना बघा. दुसरं म्हणजे जून ते सप्टेंबर लॅपटॉप जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड दुमडून मगच कप्प्यात. कव्हर बाहेरचं पाणी अडवतं, पिशवी आत आलेलं अडवते, आणि दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी पिशवी निवडीन. पिशवीत घालण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करायचा. नुसता झाकला आणि आतच जागा झाला तर पिशवीत चांगलाच तापतो.

‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. कापड बहुतेक वेळा टिकतं, त्याला आतून पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर असतो. पाणी शिरतं ते शिलाईच्या सुयांच्या भोकांतून आणि चेनमधून. शिलाईवर आतून टेप मारलेली असेल तरच त्या शब्दाला अर्थ, आणि या किमतीत मी तरी तशी बघितली नाही. बाहेरून यूएसबीचं भोक असलेल्या सॅक तर पावसाच्या गावात घेऊच नयेत. ते पोर्ट म्हणजे आतून ओढलेली एक वायर असते, पॉवर बँक आपलीच. आणि त्या भोकावरचं रबरी झाकण सगळ्यात आधी हरवतं. माझ्या सॅकला ते नाही. असतं तर मी फेव्हिक्विकनं बुजवलं असतं.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. तसे दिवस आले की घरूनच काम, सॅकचा प्रश्न येत नाही. प्रश्न त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दमट दिवसांचा. भिजलेली सॅक जुलैत दोन दिवस वाळत नाही. पाठीची जाळी आणि तिच्यामागचा फोम पाणी धरून ठेवतो. सगळे कप्पे उघडून, उलटी टांगून, पंख्याखाली ठेवायची आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. मशीनमध्ये टाकू नका, आतला थर सुटतो. तसाही तो दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन पापुद्रे सोडतो. जुन्या सॅक आतून चिकचिकतात त्या याचमुळं. माझ्या सॅकमध्ये अजून तसं काही नाही, पण कोपऱ्यात बोट फिरवून बघत असतो.

कापडाबद्दल थोडं. लेबलवर ६०० डी, ९०० डी असं असतं ते डेनियर : ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६०० डी पॉलिस्टर म्हणजे साधं, पुरेसं. पण नुसत्या आकड्यावर भुलायचं नाही, कारण त्याच डेनियरचं नायलॉन घासणीला पॉलिस्टरपेक्षा जास्त टिकतं. माझी ६०० डी पॉलिस्टरची. वरचं कापड नव्यासारखं आहे. तळाचे दोन कोपरे मात्र स्कूटरच्या सीटवर आणि कारखान्यांच्या फरशीवर घासून पांढुरके झालेत. तळाला वेगळं जाड कापड लावलेली सॅक मिळाली तर शेदोनशे जास्त द्यायला हरकत नाही.

चेनची गोष्ट खास आमच्या शिरोलीची. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, साच्यांची काळी वाळू असते, तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकण माती आणि कोळशाची पूड मिसळलेली. ऑफिस आत असलं तरी ती पूड टेबलावर, खुर्चीवर, सगळीकडं. चेनच्या दातांत बसली की रनर खरखरायला लागतो. दिवाळीच्या सुमारास मुख्य चेन मागून उघडी पडायला लागली. रनर पुढं जायचा आणि मागं दात सुटलेले. मला वाटलं चेन गेली. लक्ष्मीपुरीत एक चेन-दुरुस्तीवाले काका बसतात, त्यांच्याकडं नेली. त्यांनी दात नखानं चाचपले आणि म्हणाले, ‘चेन झकास हाय की. रनर फाकलाय. चेन कशाला बदलतासा?’ पकडीनं रनरच्या दोन्ही बाजू किंचित दाबल्या, दोनदा ओढून बघितलं, झालं. ‘हे चार महिनं चाललं, मग नवा रनर टाकू,’ असंही सांगितलं, आणि खरंच उन्हाळ्यात नवा टाकावा लागला. खर्च एका मिसळीपेक्षा कमी.

काकांनीच सांगितलेलं : तेल कधी घालायचं नाही, धूळ आणखी चिकटते. जुन्या टूथब्रशनं दात झाडायचे आणि पांढरी मेणबत्ती हलकी घासायची. रनरच्या मागं ५, ८, १० असा आकडा कोरलेला असतो, तो चेनचा आकार. बंद दातांची रुंदी साधारण तेवढे मिलिमीटर. मुख्य कप्प्याला ८ असेल तर चांगलं. माझ्याकडं ५ आहे आणि कोपऱ्यावर ती तणावाखाली येते. वायकेके (चेन बनवणारी जपानी कंपनी) लिहिलेलं असेल तर आणखी चांगलं, पण त्या नावाचे नकली रनरही बाजारात फिरतात, तेव्हा ओढूनही बघा.

तक्रार आहे ती पट्ट्यांची. डाव्या पट्ट्याची पट्टी गुळगुळीत आहे आणि बक्कल तिला धरत नाही. गोकुळ शिरगावला पोचेपर्यंत डावा खांदा खाली आलेला. कंपनीला लिहिलं. फोटो मागवले, व्हिडिओ मागवला, मग ‘नैसर्गिक झीज’ म्हणून हात झटकले. तेव्हा सॅक घेऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. शेवटी चांभाराकडून पट्टी माझ्या मापावर दुहेरी करून शिवून घेतली. आता सरकत नाही, पण जॅकेट घातलं की सैलही करता येत नाही. दुकानात वजन घालून पट्टा जोरात खाली ओढून बघायला हवा, हे कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगत नाही. खांद्याजवळ पट्टा शिवलाय तिथं चौकोनात फुलीची शिलाई असावी. ती माझ्या सॅकला आहे आणि एक टाकाही उसवलेला नाही.

बाकी किरकोळ. बाटलीच्या जाळीचं इलास्टिक सैल पडलं. पाठीला ‘हवा खेळती’ ठेवणाऱ्या उंचवट्यांचा एप्रिलमध्ये काडीचा उपयोग नाही, पाठ भिजतेच; काळ्या जाळीवर घामाचे पांढरे डाग मात्र ठळक दिसतात. छातीवरचा पट्टा मी वापरत नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना उशाला ठेवली, बरी वाटली.

परवा भाच्यानं नवा लॅपटॉप आणला, १६ इंची, आणि माझीच सॅक मागितली. म्हणाला, ‘मामा, यावर १५.६ लिहिलंय, पॉइंट चारचाच तर फरक.’ घालून बघितला. रुंदीला चपखल बसला, पण वरची चेन लागेना. इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण. १५.६ ची जुनी स्क्रीन रुंदी-उंचीच्या १६:९ प्रमाणाची, साधारण ३४.५ बाय १९.४ सेंटीमीटर. त्याची १६ ची स्क्रीन १६:१० ची, म्हणजे रुंदी तीच ३४.५ आणि उंची २१.५. दोन सेंटीमीटर सरळ वर वाढले. सॅकच्या लेबलवरचा इंचाचा आकडा हे सांगत नाही. लॅपटॉपची लांबी, रुंदी, जाडी टेपनं मोजून न्यावी लागते. आमची मोजून झाली आहे. राजारामपुरीत दोन सॅक बघितल्या, दोन्हींत मावतो, दोन्हींत खालून कड हाताला लागते. कॉलेज सुरू व्हायच्या आत तिसरी शोधायची आहे. तुमच्या बघण्यात १६:१० चा बसणारी, तळ वर असलेली कुठली असेल तर सांगा, बजेट अडीच हजार.