आयासोफियाचा वरचा सज्जा: २५ युरोंचं तिकीट आणि खांबाआडचा युवराज

इस्तंबूलच्या आयासोफियात तळमजला नमाजासाठी आहे. परदेशी पर्यटकांना तिकीट काढून फक्त वरचा सज्जा पाहता येतो. जानेवारी २०२४पासून दर २५ युरो, आणि शहराचा म्युझियम पास इथे चालत नाही. माहिती फोनवर क्यूआर कोडने ऐकायची, म्हणून इअरफोन सोबत न्यावेत. बायकांना डोकं झाकावं लागतं. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. दर चढाच आहे, पण बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, राजघराण्याची ओढ असेल तर एका चेहऱ्यासाठी तो द्यावा.

दक्षिण सज्जाच्या पार पूर्व टोकाला जा. खिडकीच्या डावीकडे सम्राज्ञी झोई, उजवीकडे बाराव्या शतकातल्या कोम्नेनोस राजघराण्याचं मोझाइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं भिंतीवरचं चित्र. मध्ये बाळ येशूला घेतलेली मेरी, एका बाजूला पैशांची थैली धरलेला सम्राट दुसरा योआनिस, दुसरीकडे त्याची हंगेरियन राणी इरिनी. बहुतेक लोक इथे फोटो काढून परततात आणि या दोघांच्या थोरल्या मुलाला, अलेक्सिओसला, मुकतात. तो समोरच्या भिंतीवर नाहीच. इरिनीच्या शेजारी भिंत काटकोनात वळते, त्या अरुंद बाजूवर तो आहे. तिथे अगदी जवळ, थोडं तिरपं उभं राहा. सकाळी पूर्वेच्या खिडकीचा उजेड थेट डोळ्यांवर येतो आणि सोनेरी तुकडे नुसते चकाकतात. दुपारनंतर चेहरा नीट दिसतो. फिकट, ओढलेला, गालांवर रेघा. बरेच जण त्यात आजारपण पाहतात. मला ती कलाकाराची शैली वाटते, कारण हे मोझाइक घडलं तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता आणि पुढे वीस वर्षं जगला.

अक्षरंही पाहा. बापाच्या नावापुढे ‘वासिलेव्स’ (सम्राट) आणि ‘अफ्टोक्रातोर’ (सर्वसत्ताधीश) दोन्ही आहेत, मुलाला फक्त ‘वासिलेव्स’. मुकुट मिळाला, सत्ता बापाकडेच राहिली. योआनिसला स्वतःला लहानपणीच सहसम्राट केलं होतं, तरी १११८मध्ये गादीवर येताच बहीण आन्ना हिच्या गोटातून कट शिजला. बहुधा म्हणूनच ११२२च्या सुमारास त्याने थोरल्याला मुकुट घालून वारसाचा प्रश्न आधीच मिटवायचा प्रयत्न केला.

तो मिटला नाही. ११४२मध्ये अलेक्सिओस अट्टालिया इथे, म्हणजे आजच्या अंतल्यात, तापाने गेला. त्याचा मृतदेह राजधानीकडे नेताना पाठचा भाऊ आंद्रोनिकोसही दगावला. पुढच्या वर्षी किलिकियात, म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानात, शिकारीत जखमी झालेल्या योआनिसने मरताना तिसरा मुलगा इसाकिओस याला डावलून चौथा मुलगा मानुएल याला निवडलं. राजधानीतला राजवाडा आणि खजिना इसाकिओसच्या हाताशी होता, त्यामुळे मानुएलने सेनापती योआनिस आक्सूख याला घाईने पुढे पाठवलं. इसाकिओसला बापाच्या मृत्यूची बातमी कळण्याआधीच आक्सूखने त्याला पांतोक्रातोर मठात कोंडलं.

ऑडिओत या मुलाची गोष्ट ऐकायला मिळेल या भरवशावर राहू नका, एवढं वाचून जा. दगड झिजून गुळगुळीत झालेत, चपला पकड धरणाऱ्या हव्यात. सज्जाला दीड तास पुरतो, त्यातली वीस मिनिटं या कोपऱ्याला द्या. उरलेल्या वेळात झेयरेक मशीद गाठा. तोच तो पांतोक्रातोर मठ. योआनिस आणि इरिनीला तिथेच पुरलं होतं.